या महिन्यात कानांनी वाचलं

प्रिय मित्रा,

महिनाभरात काय काय वाचलंस, असं तू दर वेळी विचारतोस आणि मी दर वेळी यादी पाठवतो. या खेपेला यादी आखूड आहे. वाचन मात्र कधी नव्हे इतकं झालं, आणि बरंचसं मोठ्याने झालं. बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ऑपरेशन नीट पार पडलं, काळजीचं काही नाही. डावा डोळा पुढे सवडीने. पण नव्या चष्म्याचा नंबर डोळा पुरता निवल्यावरच काढायचा असतो, आणि तोवर जुना चष्मा एका डोळ्याला चालतो, दुसऱ्याला चालत नाही. बाबांना वाचायला काही नसलं की घराची काय अवस्था होते हे तुला सांगायला नको. तू त्यांना औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद चवीने वाचताना पाहिलं आहेस. शेवटी रात्रीची जेवणं आटोपली की मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं, असं ठरलं.

त्याआधी ऑपरेशनच्या दिवसाचं सांगतो. आत जेमतेम अर्धा तास लागतो, पण बाहुली मोठी होण्यासाठी थेंब घालत बसवून ठेवतात, मग नंबर लागायचा, मग नंतरची विश्रांती, असं करत अर्धा दिवस जातो. मी बरोबर ‘रणांगण’ नेलं होतं. विश्राम बेडेकरांची ती १९३९ सालची बारीकशी कादंबरी. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, बोटीवर जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, आणि मायदेशी परतणारा चक्रधर. कॉलेजात वाचली तेव्हा मला ती चक्रधर आणि हॅर्टाची प्रेमकथा वाटली होती. या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसून वाचताना मला सगळीकडे ती वाट पाहणारी माणसं दिसली. पुढे कुठलं बंदर आपल्याला उतरवून घेईल, घेईल की नाही, याचा घोर लागलेली. दुसरं महायुद्ध पुरतं पेटण्याच्या सुमारास हे मराठीत लिहून झालं होतं, याचं मला अजून नवल वाटतं. आपल्याकडे इतकं ताजं जग इतक्या थोड्या पानांत कुणी क्वचितच पकडलं असेल. बाबा बाहेर आले तेव्हा शेवटची दहाबारा पानं उरली होती. ती मी रात्री, सगळे झोपल्यावर संपवली.

मोठ्याने वाचायला बाबांनी पहिल्यांदा मागितलं ते ‘स्मृतिचित्रे’. मला वाटलं होतं, त्यांना जवळजवळ पाठच आहे, कंटाळतील. छे. लक्ष्मीबाई टिळकांचं गद्य डोळ्यांनी वाचणं आणि तोंडाने म्हणणं यात फार अंतर आहे रे. मी वाचायला लागलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर माझा आवाज आपोआप बदलला. वाक्यं लहान, श्वास संपायच्या आत संपणारी, आणि विनोद अगदी शेवटच्या शब्दावर. तो शब्द घाईने उच्चारला तर हसू निसटतं. बाबा हात वर करून म्हणायचे, “थांब. परत वाच. सावकाश.” शाळेत आमच्या बाईंनी कधी इतकं छळलं नव्हतं.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने वेठीला धरलेलं ते माहेर, हातात पैसे पडले की ते कुणा गरजूला देऊन मोकळे होणारे त्यांचे पती नारायण वामन टिळक, त्यांचं न सांगता निघून जाणं, मग कुठून तरी अचानक उगवणं. हे सगळं रडत सांगता आलं असतं, आणि रडायला कारणं पुष्कळ होती. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, त्यानंतरची वर्षं लक्ष्मीबाईंनी त्यांच्यापासून वेगळी, कुढत काढली. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण त्या हे सगळं अशा सुरात सांगतात की आपण दारात बसून त्यांचं बोलणं ऐकतोय असं वाटतं, आणि त्यांना आपल्या कीव करण्याची गरज नाही हे पहिल्या पाचेक मिनिटांत कळतं. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. मला वाटतं, हे गद्य कानाला असं बसतं त्याचं कारण तेच असावं. त्यांची भाषा आधी घरात आणि ओसरीवर पक्की झाली, कागदावर ती फार उशिरा आली. बाबांना हे पटलं नाही. “शिकलेल्या बायका काय वाईट लिहितात होय?” असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. माझं म्हणणं तसं नव्हतं, पण डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाशी वाद घालू नये.

हे पुस्तक चार भागांत आलं, १९३४ पासून. १९३६ मध्ये त्या गेल्या. शेवटाकडे येताना बाबांनी वाचनाचा वेग मुद्दाम कमी करवला. रोज दोनच पानं.

मग ‘माझा प्रवास’ घेतलं. गोडसे भटजींचं. कोकणातल्या वरसईचा एक गरीब भिक्षुक, डोक्यावर कर्ज, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल असं ऐकून चुलत्यांबरोबर निघतो, आणि चालत चालत थेट १८५७ च्या धुमाळीत जाऊन पोचतो. झाशीला वेढा पडला तेव्हा हे आत शहरात. लुटले गेले, लपले, उपाशी राहिले, पण पापभीरूपणा सुटला नाही आणि गंगेच्या पाण्याची कावड घरी न्यायचा हट्टही. लिहिलं १८८३ साली, तेही भीत भीत, आणि छापलं गेलं १९०७ मध्ये, ते वारल्यावर. त्या वेळी चिंतामणराव वैद्यांनी त्यात पुष्कळ फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी ते छापून आणलं ते १९६६ साली. मी वाचतोय ती हीच मुळाबरहुकूम आवृत्ती.

कन्या आधी दारातून डोकावून जायची, फोन हातात. वेढ्याचं प्रकरण आलं त्या रात्री ती आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी बसली. मध्येच म्हणाली, “हे घरी का नाही परतत? पैसे गेलेच आहेत ना सगळे!” बाबा म्हणाले, “कर्ज कुणी फेडायचं मग? तू?” त्यानंतर दोघांचं असं काही जुळलं की दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता तेव्हा तिनेच पुस्तक उचललं. जुनी मराठी, लांबलचक वाक्यं, जोडाक्षरांशी तिची झटापट. बाबांनी तिला एकदाही “परत वाच” म्हटलं नाही! मला हा उघड पक्षपात वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आता निम्मं वाचन तीच करते. तोफांची पानं तिची, कर्जाची आणि तीर्थयात्रेची माझी, अशी वाटणी झाली आहे.

एका नव्या, जाडजूड कादंबरीचं नाव तुला सांगत नाही, कारण तुला ती आवडली होती. कानाला ती दोन रात्रीसुद्धा सोसली नाही. एका वाक्यात चार विशेषणं आणि क्रियापदाचा पत्ता नाही. डोळ्यांनी वाचताना आपण असलं पुष्कळ पोटात घालतो, उडी मारून पुढे जातो. तोंडाने वाचायला लागलं की उडी मारता येत नाही. बाबा म्हणाले, “हा माणूस बोलतच नाही, नुसता नटतोय,” आणि पुस्तक मिटलं.

पण उलटंही घडलं, तेही सांगतो. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मी मोठ्या उत्साहाने काढलं. महिन्याला एक लेख, आपण महिन्याचा हिशेब मांडतोय त्याला साजेसं, असं मनात. बाबा दहा मिनिटांत झोपले. त्यांना दोष देत नाही. पानाफुलांचे रंग, त्यांच्या छटा, एकातून दुसरी कशी उमलते, हे सगळं थांबून, डोळे मिटून, मनाशी रंगवत वाचायचं लिखाण आहे. दुसऱ्याच्या वाचण्याच्या वेगाने ते हाती लागत नाही. ते पुस्तक आता माझं एकट्याचं. सकाळी घर उठायच्या आधी थोडं थोडं वाचतो.

रंगांवरून आठवलं. पट्टी निघाल्यावर बाबांचं पहिलं वाक्य काय होतं, सांग. “ही भिंत निळसर कधी केलीत?” भिंत पांढरीच आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, हळूहळू होतं म्हणून कळत नाही. ते काढून नवं बसवलं की आजवर अडलेला निळा एकदम आत येतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचंही असंच झालं होतं. १९२३ मध्ये त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि नंतर सगळं फार निळं दिसतं अशी त्याची कुरकुर असायची. बाबांची कुरकुर नाही, त्यांची चैन चालली आहे. आधी एक डोळा झाकून पाहायचं, मग दुसरा. खिडकीतलं आभाळ, माझा शर्ट, देव्हाऱ्यातलं तांब्याचं भांडं, सगळं डाव्या डोळ्याने वेगळं आणि उजव्याने वेगळं. तुझ्या वहिनीला त्यांनी परवा सांगितलं की तिची ती जांभळी साडी खरंच जांभळी आहे, इतकी वर्षं ते तिला तपकिरी समजत होते. तिने ती लागोपाठ दोन दिवस नेसली.

वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, या बंधनांमुळे बाबांचा दिवसभराचा उद्योग म्हणजे मला कामाला लावणं. त्यातून भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ चालू झालं. आजोबांचं ते, तुला आठवत असेल, कित्येक वर्षं मुकंच होतं. चावी देऊन लंबक हलवला तर चालू लागलं, पण रोज पुढे धावायचं. बाबा खुर्चीतून हुकूम सोडत होते. लंबकाच्या तबकडीखाली एक बारीक पेचाची चकती असते, ती फिरवून तबकडी किंचित खाली घ्यायची. लंबकाची लांबी वाढली की त्याचा झोका लांबतो आणि घड्याळ मंदावतं. झोका तोलाचा आहे की नाही, हे टिकटिक ऐकून ठरवायचं. ती एका बाजूला लंगडली तर घड्याळ भिंतीवर तिरकं टांगलं आहे. मी रोज संध्याकाळी मोबाइलशी वेळ ताडून अर्धा फेरा फिरवायचो. ह्यूगेन्स नावाच्या डच माणसाने १६५६ मध्ये पहिलं लंबकाचं घड्याळ जुळवलं, त्या आधीची घड्याळं दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटं चुकायची म्हणे. आमचं आता आठवड्याला एखादं मिनिट चुकतं. मला एवढा अभिमान पगारवाढीचाही वाटला नव्हता.

ठोक्यांचा घोळ मात्र मजेशीर निघाला. पाच वाजता आठ ठोके! जुन्या घड्याळांत ठोके मोजणारं चक्र वेगळं असतं, काट्यांशी त्याचं देणंघेणं नसतं. कुणीतरी कधीतरी काटे घाईने फिरवले असणार. उपाय बाबांना ठाऊक होता: ठोके किती पडले ते मोजायचे, तासकाटा हलक्या हाताने सरकवून त्याच आकड्यावर आणायचा, मग मिनिटकाटा खऱ्या वेळेपर्यंत फिरवत न्यायचा आणि वाटेत प्रत्येक ठोक्याला थांबायचं. पाचवर यायला आठपासून निघायचं, म्हणजे नऊ, दहा, अकरा, बारा, सगळं ऐकत, अर्ध्यांचे एकेक ठोके वेगळे. शेजारून विचारणा झाली, काही कार्य आहे का म्हणून.

घरातली बाकी खबर थोडक्यात. पुस्तकांची कपाटं तुझ्या वहिनीने आणि कन्येने मिळून आवरली. कसर लागलेली काही पुस्तकं निघाली, ती झटकून वेगळी ठेवली आहेत. बाकीची त्यांनी उंचीप्रमाणे लावली. दिसायला सुरेख, पण मला एकही सापडत नाही. विचारलं तर उत्तर येतं, “किती उंच आहे?” कोशांच्या शेजारी कवितासंग्रह उभे आहेत, कारण दोन्ही ठेंगणे. तुझ्या वहिनीचं म्हणणं असं की शोधताना भलतंच पुस्तक हाती येतं आणि तेच वाचलं जातं. गंमत म्हणजे ते खरं आहे, ‘ऋतुचक्र’ मला असंच मिळालं.

याच आवराआवरीत एक पुस्तक नाही असं लक्षात आलं. बेडेकरांचंच, ‘एक झाड आणि दोन पक्षी’. मी ‘रणांगण’बद्दल बोललो तेव्हा बाबांनी लगेच मागितलं, कारण त्यांना आता बेडेकरांच्या तोंडून त्यांची स्वतःची गोष्ट ऐकायची आहे. कपाटात जागा मोकळी, आणि कन्येच्या वहीत, उसन्या पुस्तकांच्या पानावर, तुझं नाव. तारीखसुद्धा आहे, पण ती लिहून तुला लाजवत नाही. गोडसे भटजी आता परतीच्या वाटेला लागलेत, आठवडाभरात वरसईला पोचतील. त्याच्या आत पुस्तक इथे हवं. टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये आणि दोन रात्री राहा. कॉलेजच्या नाटकात तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, हे मी बाबांना सांगून ठेवलंय. पहिलं प्रकरण तुझ्याकडे. आणि ते “परत वाच” म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझा,
घसा बसलेला मित्र