उद्यमनगरच्या मिस्त्रीकाकांना आभाराचं पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
स. न. वि. वि.

जिप्सीच्या रॅली इंजिनचं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) तुम्ही ज्या पद्धतीने तपासून दिलंत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. १२९८ सीसीच्या या १६ व्हॉल्व्हच्या इंजिनात मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा) टाकून ते ६५०० आरपीएमच्या वर पळवणारे बरेच आहेत. एक्झॉस्ट म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह वाकला की नवा टाकून मोकळे होतात, आणि तोही वाकतो.

हेड उतरवण्याआधी मोजायला लावलंत, याचे आभार आधी. थंड इंजिनावर सोळाही टॅपेटचा गॅप, म्हणजे रॉकर (कॅमने हलणारी, व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) आणि व्हॉल्व्हमधली फट, फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजून वहीत लिहायचा, स्क्रूला हात लावायचा नाही. मग एकेक सिलिंडर कंप्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन अगदी वर, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद) आणायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि प्लगच्या भोकातून ६-७ बार हवा सोडायची. थ्रॉटल बॉडीत फुसफुस ऐकू आली तर इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या नळीत आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडाशी आली तर पिस्टनच्या रिंगा. वहीतले आकडे आणि हा आवाज एकत्र पाहिला की निम्मं निदान तिथेच होतं. गॅप वाढलाय आणि हवाही गळतेय, तर व्हॉल्व्ह वाकलाय, सीटवर पूर्ण बसत नाही. गॅप वाढलाय पण हवा धरून आहे, तर कॅमचा लोब (उंचवटा) नाहीतर रॉकर झिजलाय. गॅप कमी झाला असेल तर सीट खाली गेलीय किंवा व्हॉल्व्हची मान ताणली गेलीय. हेड आधी उतरवलं असतं तर हा पुरावा कायमचा गेला असता.

उतरवल्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह, स्प्रिंग, रिटेनर, कॉटर (स्प्रिंगला व्हॉल्व्हवर धरून ठेवणारी टोपी आणि तिच्या खिट्ट्या) अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबरवारीने. पिस्टनवरच्या चंद्रकोरीसारख्या खुणेवर टॉर्च तिरका धरून तुम्ही दाखवलंत की कडा चकचकीत आहे, काजळी बसलेली नाही. म्हणजे व्हॉल्व्ह-पिस्टनची टक्कर ताजी. स्प्रिंगच्या टोकांवरचे आरशासारखे डागही तिथेच दिसले. स्प्रिंग जागेवर नाचत होती.

मूळ कारण आधीच्या हेडकामात होतं, आणि हा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. सीट कापली की व्हॉल्व्ह खोल बसतो, त्याचा दांडा वर येतो आणि स्प्रिंगची बसलेली उंची वाढते. सीटवर २५ किलो दाब देणारी, मिलिमीटरला ३ किलोची स्प्रिंग १ मिमी लांबली की २२ किलोवर येते. टॅपेट सेट करताना स्क्रू हा फरक गिळून टाकतो, म्हणून गॅप अगदी बरोबर दिसतो आणि कुणाला शंकाही येत नाही. वरच्या आरपीएमला मात्र व्हॉल्व्ह लोबच्या मागे राहतो.

त्यात हेड फेस केलेलं, म्हणजे खालचा पृष्ठभाग घासून सपाट केलेला. कॅम क्रँकच्या जवळ आला, बेल्टच्या ताणलेल्या बाजूची लांबी तीच, म्हणून कॅम मागे पडतो. पुलीच्या मापाप्रमाणे १ मिमीला क्रँकचे साधारण दोन ते अडीच अंश. कॅम मागे पडला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, म्हणजे वर येणाऱ्या पिस्टनच्या आणखी जवळ जातो. इनटेकला उलट थोडी मोकळीक मिळते. खुणा फक्त एक्झॉस्टच्या बाजूलाच का, ते इथे कळलं.

उपाय तुम्ही सांगितलात तसाच केला. प्रत्येक स्प्रिंगची उंची मोजून खाली हिशोबाने शिम (पातळ चकत्या) टाकले. फुल लिफ्टला वेटोळ्यांमध्ये एकूण दीड मिमी जागा आणि रिटेनर ते गाइडच्या सीलमध्येही दीड मिमी राहते ना, हे पाहिलं. जोर येईल म्हणून अंदाजाने जाड शिम टाकले तर स्प्रिंग घट्ट मिटते आणि लोब-रॉकर खाऊन टाकते, ही तुमची ताकीद लक्षात आहे. अ‍ॅडजस्टेबल पुलीने कॅम डिग्री व्हीलवर (क्रँकवर लावायची अंशांची तबकडी) पाहून जागेवर आणला. मग हलक्या स्प्रिंगा बसवून, डायल लावून, व्हॉल्व्ह बोटाने दाबत पिस्टनपर्यंतचं अंतर घेतलं. एक्झॉस्टला टीडीसीआधी १०-१५ अंशांवर, इनटेकला टीडीसीनंतर तितक्याच अंशांवर, कारण सगळ्यात कमी अंतर तिथे असतं, नेमक्या टीडीसीला नाही. एक्झॉस्टला किमान २.५ मिमी, इनटेकला २ मिमी. चारही सिलिंडर तपासले, एकावरून बाकीचे गृहीत धरले नाहीत.

तुम्ही हेडकाम करता करता हे सगळं समजावलंत, हातचं काही राखलं नाहीत. त्याची परतफेड आमच्याकडून व्हायची नाही.

तुमचं डिग्री व्हील आणि हलक्या स्प्रिंगा याच आठवड्यात आणून देतो. सोळाही स्प्रिंगांच्या उंचीचा आणि दाबाचा कागद सोबत आणतो, तेवढा एकदा नजरेखालून घाला.

आपले नम्र,
जिप्सीवाली मुलं