गर्दी खाली, अडचण वर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

वडिलांना आपत्कालीन विभागात अख्खी रात्र स्ट्रेचरवर काढावी लागली, याचा तुला आलेला राग रास्तच आहे. मात्र किरकोळ तक्रारी घेऊन येणाऱ्यांमुळे ही वेळ आली, हे तुझे अनुमान मला पटत नाही. बोट कापलेला माणूस खुर्चीवर बसतो, मलमपट्टी करून घेतो आणि घरी जातो. जागा अडते ती दाखल करायचे ठरूनही वर वॉर्डात खाट नाही म्हणून खाली आपत्कालीन विभागातच पडून राहिलेल्या रुग्णांमुळे, आणि तुझे वडील त्यांपैकीच एक होते.

वॉर्डात खाट का नसते? सकाळच्या राऊंडला डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणतात खरे, पण त्यानंतर डिस्चार्ज समरी लिहून व्हायची असते, एखादा रिपोर्ट यायचा असतो, औषधे आणि बिल किंवा विम्याची मंजुरी उरकायची असते, नातेवाईक कामावरून सुटून यायचे असतात. खाट पुसून तयार होईपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर खाली रुग्णांची रीघ लागलेली असते. शनिवार-रविवारी तर निर्णय घेणारे वरिष्ठच कमी असतात. उपचार संपलेले, पण घरी सांभाळायला कोणी नसलेले वृद्ध रुग्ण आठवडेच्या आठवडे अडकतात. त्यांच्यापुढे रुग्णालयाचेही फारसे चालत नाही.

सगळ्या खाटा भरलेल्या असणे व्यवस्थापनाला कार्यक्षमतेचे लक्षण वाटते, हे मला सर्वांत घातक वाटते. रुग्ण किती येतील हे रोज बदलते, त्यामुळे साधारण ८५ टक्क्यांपलीकडे खाटा भरू लागल्या की तुंबण्याचा धोका झपाट्याने वाढतो. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला चार तासांत दाखल करण्याचे, दुसरीकडे हलवण्याचे किंवा घरी सोडण्याचे उद्दिष्ट आहे. २०१० साली ते ९८ वरून ९५ टक्के रुग्णांपुरते शिथिल केले, आणि पुढे तेही गाठणे जमेना. तिथल्याच २०२२ सालच्या एका अभ्यासानुसार, येऊन सहा ते आठ तास उलटले तरी वॉर्डात न पोहोचलेल्या दर ८२ रुग्णांमागे एक जादा मृत्यू होतो. म्हणजे हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे.

तेव्हा तक्रारअर्जात आपत्कालीन विभागाच्या परिचारिकांवर ठपका ठेवू नकोस. त्यांच्या हाती वरची खाट नसते. डॉक्टरांनी घरी सोडल्यापासून खाट प्रत्यक्ष रिकामी होईपर्यंत सरासरी किती तास जातात आणि सुट्टीच्या दिवशी किती जण घरी जातात, एवढेच लेखी विचार. उत्तर आले की मला कळव.

वडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र