भरतीच्या आकड्यात वादळाचे पाणी नसते

संपादक महोदय,

चक्रीवादळ येऊ घातले की बातमीच्या मथळ्यात वाऱ्याचा ताशी वेग असतो आणि कोपऱ्यातल्या चौकटीत भरतीची वेळ व उंची. ही उंची चंद्र-सूर्याच्या आकर्षणावरून कितीतरी आधी गणिताने काढलेली असते. वादळाने किनाऱ्याला येणारा पाण्याचा फुगवटा तिच्यात धरलेला नसतो, हे मात्र चौकटीत कुठेच लिहिलेले नसते.

वादळाच्या केंद्रात हवेचा दाब उतरतो, तेव्हा दर हेक्टोपास्कलमागे समुद्र साधारण एक सेंटीमीटर वर येतो. म्हणजे दाब ३० हेक्टोपास्कलने उतरला तरी पाणी जेमतेम फूटभर चढते. खरे काम वाऱ्याचे. तो तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो आणि समुद्र जितका उथळ, तितके ते पाणी खालून मागे न फिरता साचत जाते. बंगालचा उपसागर उत्तरेला उथळ आणि निमुळता आहे. त्यामुळेच १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळाचे पाणी नेमके भरतीच्या वेळी आताच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर चढले आणि तीन ते पाच लाख माणसे गेल्याचा अंदाज आहे. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळाचा वारा त्याहून जोरकस होता, पाणीही ५ ते ६ मीटर चढले, पण मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात राहिला. फरकाची कारणे अनेक आहेत. तरी नुसत्या वेगावरून धोका जोखता येत नाही, एवढे यावरून नक्की दिसते.

आपल्याकडे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास धडकले. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे समुद्र मुळातच उधाणाच्या, मोठ्या भरतीच्या दिवसांत होता, आणि हवामान विभागाने मुंबई, ठाणे व रायगडसाठी भरतीच्या वर आणखी १ ते २ मीटर पाण्याचा इशारा दिला होता. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असल्याने केंद्राच्या दक्षिणेला ते समुद्राकडून जमिनीवर आले, तर उत्तरेला, मुंबईच्या बाजूला, जमिनीकडून समुद्राकडे गेले. केंद्र मुंबईच्या उत्तरेला धडकले असते तर शहराची गत वेगळी झाली असती. ‘मुंबई थोडक्यात बचावली’ असे तेव्हा सगळीकडे छापून आले. का बचावली, हे फारसे कुणी सांगितले नाही.

खाडीकाठच्या खारभूमीत, म्हणजे बांध घालून खारे पाणी अडवलेल्या शेतजमिनीत तर लाट न दिसताही नुकसान होते. बांधाच्या उघाडीची (पाणी बाहेर सोडण्याच्या वाटेची) झडप भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडते. फुगवट्याने ओहोटीचे पाणीच पुरेसे उतरले नाही, तर झडप उघडत नाही आणि आतले पाणी तुंबते. बांधावरून खारे पाणी आत आले तर ती जमीन पुढचे काही पावसाळे भाताला नीट साथ देत नाही.

म्हणून आपल्या दैनिकाला विनंती आहे, की वादळाच्या दिवशी भरतीच्या चौकटीतच अपेक्षित फुगवट्याचा अंदाज, दोन्ही एकत्र येण्याची शक्यता असलेले तास आणि केंद्राच्या कोणत्या बाजूला कोणते तालुके येतात, हे छापावे. हवामान विभाग आणि हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र ‘इन्कॉइस’ फुगवट्याचे अंदाज देतात; तेव्हा त्यासाठी वेगळी धावपळ करावी लागणार नाही, चौकट तेवढी दोन ओळींनी वाढेल.

आपला,
एक वाचक, अलिबाग (जि. रायगड)