साठ्यातले अन्न आधी शिजवून पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पूर, भूकंप, वादळ किंवा दिवसेंदिवस वीज गेल्याच्या बातम्या आल्या की घरात कोणते अन्न साठवावे याच्या याद्या छापून येतात. तांदूळ इतके किलो, डाळ इतकी, तेल इतके, डबाबंद पदार्थ इतके. या याद्या चुकीच्या नसतात, पण अपुऱ्या असतात. ते अन्न खाण्याजोगे करायला पाणी किती लागेल, इंधन किती जळेल, वेळ किती जाईल आणि घरातली माणसे ते खातील का, याचा त्यांत पत्ता नसतो. म्हणून टिकाऊ पदार्थ मोठ्या प्रमाणात घेण्याआधी त्याचे एकच पाकीट आणावे, संकटात असेल तशाच अवस्थेत शिजवावे, खावे आणि मगच बाकीचे भरावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

सुरुवात आकड्यांनी करू. मदतकार्यात वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत माणशी रोज सरासरी २,१०० किलोकॅलरी धरतात. ४०० ग्रॅम धान्य, ८० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ३० ग्रॅम तेल, ३० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि २० ग्रॅम साखर घेतली की साधारण तेवढे होते आणि प्रथिनेही ६० ग्रॅमच्या आसपास मिळतात. चौदा दिवसांसाठी एका माणसाला ५ किलो ६०० ग्रॅम धान्य, १ किलो १२० ग्रॅम डाळ, प्रत्येकी ४२० ग्रॅम तेल आणि दूधभुकटी, २८० ग्रॅम साखर. सगळे मिळून आठ किलोही होत नाही. तयार संचावर मोठ्या अक्षरांत ‘इतक्या जणांचे जेवण’ असे छापलेले असते, त्याकडे पाहू नये. बारीक अक्षरांत एका वाढणीच्या कॅलरी, प्रथिने आणि मीठ दिलेले असते, ते वाचावे. दोनशे-अडीचशे कॅलरींची वाढणी म्हणजे जेवण नव्हे. त्यात मीठही भरपूर असते आणि खारट अन्न खाल्ले की पिण्याचे पाणी जास्त लागते.

पाण्याचा हिशेब बहुतेक जण इथेच चुकतात. माणशी रोज सुमारे चार लिटर पाणी ठेवा, असे सर्वत्र सांगितले जाते. त्यातले दोन लिटर पिण्यात जाते. ४०० ग्रॅम तांदूळ शिजायला पाऊण ते एक लिटर आणि ८० ग्रॅम कडधान्य भिजवून शिजवायला अर्धा लिटर लागते. उरलेल्या जेमतेम अर्ध्या लिटरात भांडी, हात, तोंड सगळे उरकायचे. कागदावर हे खुपत नाही, पातेले घासायची वेळ आली की कळते. चिकट, करपणारे किंवा पिठाळ पदार्थ साठ्यात कितपत ठेवायचे, हे त्या अर्ध्या लिटरावरून ठरवावे.

चाचणीसाठी सुटीचा एक पूर्ण दिवस घ्यावा. विजेचे मुख्य बटण बंद, नळ बंद, फ्रिज उघडायचा नाही (दार बंद असले तर फ्रिजमधले अन्न चार तास आणि भरलेल्या फ्रीजरमधले सुमारे ४८ तास सुरक्षित राहते, त्यामुळे एका दिवसाने फ्रीजरचे नुकसान होत नाही, मात्र फ्रिजमधले नाशवंत पदार्थ आदल्या दिवशी संपवावेत). मोजून भरलेले पाणी आणि एकच छोटी शेगडी वापरायची. गॅसची नळकांडी स्वयंपाकाआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवावी. वीस अंशांचे एक लिटर पाणी उकळायला उघड्या छोट्या शेगडीवर साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो, वारा असेल किंवा भांड्यावर झाकण नसेल तर बराच जास्त. प्रत्येक पदार्थापुढे पाणी, गॅस, मिनिटे, ताटात उरले किती आणि तीन तासांनी परत भूक लागली का, एवढे लिहावे. शेगडी मोकळ्या हवेत किंवा खिडक्या सताड उघड्या ठेवून वापरावी. कोळशाची शेगडी घरात पेटवूच नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने झोपेतच माणसे दगावतात.

भाताला इंधन वाचवणे सोपे आहे. तांदूळ अर्धा तास भिजवावा, पाण्यासकट उकळी आणून पाच मिनिटे झाकण ठेवून उकळू द्यावा, मग पातेले जाड घोंगडीत गच्च गुंडाळून चाळीस मिनिटे ठेवावे. पातेले निदान दोन-अडीच लिटरचे आणि बऱ्यापैकी भरलेले हवे. लहान पातेले लवकर निवते आणि भात कच्चा राहतो. फ्रिज नसताना शिजलेला भात तसाच ठेवणे धोक्याचे असते. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीज उकळीतही टिकते आणि कोमट भातात त्याचे विष तयार होते, पुन्हा गरम केले तरी ते जात नाही. म्हणून एका जेवणापुरताच शिजवावा आणि दोन तासांच्या आत संपवावा.

राजम्याला ही घोंगडीची युक्ती थेट लावू नये. कच्च्या राजम्यातले फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, मंद आचेवर नष्ट होत नाही. ८० अंशांच्या आसपास शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक विषारी ठरू शकतो आणि काही तासांत जोराच्या उलट्या होतात. निदान पाच तास भिजवून ते पाणी फेकावे, नव्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळावे आणि मगच गुंडाळावे. ते फेकलेले पाणी आणि तो अर्ध्या तासाचा गॅसही वहीत लिहायचा. हा हिशेब पाहिल्यावर अनेकांना सालाशिवायची मसूर डाळ बरी वाटेल, कारण ती भिजवल्याशिवायही वीसेक मिनिटांत शिजते.

कडधान्यांचा दुसरा त्रास वयाचा. उष्ण, दमट जागी काही वर्षे राहिलेले दाणे तासन्‌तास उकळले तरी टणकच राहतात, कारण पेशींना जोडणारे पेक्टिन कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधले जाऊन विरघळेनासे होते. भिजवताना मीठ घातले तर फरक पडतो. चिमूटभर खायचा सोडाही दाणे मऊ करतो, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व घटते. कुकर असेल तर सर्वांत उत्तम. दाणे टणक झाले म्हणजे फुकट गेले, असे मात्र नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ३० वर्षांपर्यंत साठवलेल्या पिंटो जातीच्या राजम्याची चव घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो आणीबाणीत चालेल असे म्हटले होते. प्रश्न तो शिजवायला इंधन पुरेल का, हा आहे.

टिकाऊपणाचे छापील आकडे तापमानावर अवलंबून असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. सैनिकांच्या तयार जेवणाच्या पाकिटांना २७ अंशांत तीन वर्षे टिकण्याची अट असते, ३८ अंशांत फक्त सहा महिन्यांची. पंचवीस वर्षे टिकणारा म्हणून घेतलेला डबा पत्र्याच्या छपराखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवला तर ती पंचवीस वर्षे विसरावीत. घरातली सर्वांत थंड, कोरडी आणि अंधारी जागा शोधावी, तिथे थर्मामीटर ठेवून वर्षातल्या सर्वांत उष्ण आठवड्यातले आकडे टिपावेत.

पांढरा तांदूळ, अख्खा गहू, कोरडी कडधान्ये हे खरे दीर्घायुषी, पण ओलावा दहा टक्क्यांच्या आत असेल तरच. हातसडीचा तांदूळ, कोंड्यासकट पीठ आणि सुका मेवा यांत तेल असते आणि ते काही महिन्यांतच खवट होऊ लागते. गहू साठवला तर जाते किंवा हाताने फिरवायची चक्की लागणार. घरातल्या सर्वांत अशक्त माणसाने त्यावर अर्धा किलो दळून पाहावे. साखर आणि मीठ कोरडे राहिले की झाले. मधही टिकतो, साखरेसारखा गोठला तर कोमट पाण्यात बरणी ठेवावी, पण एक वर्षाखालच्या बाळाला तो कधीही देऊ नये.

दीर्घ साठवणीसाठी ॲल्युमिनियमचा थर असलेली मायलरची (चिवट प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची) पिशवी आणि ऑक्सिजन शोषणारी पुडी वापरतात. चार लिटरच्या पिशवीत तांदूळ भरला तरी दाण्यांमध्ये सुमारे ४० टक्के जागा, म्हणजे १.६ लिटर हवा उरते. त्यात २१ टक्के, म्हणजे साधारण ३४० मिलिलिटर ऑक्सिजन. म्हणून ३०० मिलिलिटर ऑक्सिजन शोषणारी एक पुडी काठावर पडते, ४०० किंवा ५०० ची घ्यावी. पुडीतली लोखंडाची पूड हवा लागताच गंजू लागते, त्यामुळे पाकीट फोडल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या पिशव्या बंद झाल्या पाहिजेत. उरलेल्या पुड्या लगेच छोट्या काचेच्या बरणीत झाकाव्यात. गरम, ताठ झालेली पुडी आधीच काम करून संपत आलेली असते. साखरेत ही पुडी घालू नये, दगड होतो. पुडीच्या कामाला थोडा ओलावा लागतो, म्हणून ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी तिला चिकटून ठेवू नये.

पिशवी बिघडते ती बहुतेक वेळा तोंडाशी. सील करायच्या पट्टीवर पीठ किंवा धूळ राहिली की तिथून हवा शिरते, म्हणून पट्टी कोरड्या फडक्याने पुसावी आणि इस्त्रीने दोन समांतर सील मारावेत. दोन दिवसांनी पिशवी आत ओढल्यासारखी दिसली तर उत्तम. नाही दिसली तरी घाबरू नये, हवेतला ७८ टक्के नायट्रोजन आत राहतोच. टोकदार पास्ता पातळ पिशवीला भोके पाडतो. उंदीर तर कोणतीही पिशवी कुरतडतात, म्हणून पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

प्रत्येक खेपेबरोबर पाव किलोच्या चार छोट्या नमुना पिशव्या भराव्यात, हे कळकळीने सांगावेसे वाटते. त्यावर जिन्नस आणि तारीख लिहून त्या मोठ्या पिशव्यांशेजारीच ठेवायच्या. एक सहा महिन्यांनी, एक वर्षाने, मग तीन आणि पाच वर्षांनी फोडायची, वास घ्यायचा, शिजवायची, चव पाहायची. मोठ्या साठ्याला हात न लावता त्याची तब्येत कळते. जुन्या रंगाचा किंवा मेणासारखा वास आला तर स्निग्धांश खवट झाला आहे. त्या खेपेच्या सगळ्या पिशव्या तपासाव्यात.

डबाबंद पदार्थांत टोमॅटो, फळे असे आंबट पदार्थ वर्ष-दीड वर्षात संपवावेत, मांस, कडधान्ये आणि भाज्या दोन ते पाच वर्षे चांगल्या राहतात. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर खोल पोचा पडलेला डबा चाखूनही पाहू नये, बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या विषाला वास-चव नसते. डबा फोडायची हाताची चावी दोन ठेवाव्यात आणि त्यांतल्या एकीने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला डबा उघडता येतो का ते पाहावे.

गोठवून वाळवलेले पदार्थ आणि साधे उन्हात किंवा यंत्रात वाळवलेले पदार्थ यांत गल्लत होते. पहिले गरम पाण्यात पाच-दहा मिनिटांत फुलतात आणि थंड पाण्यातही, अर्धा तास किंवा अधिक ठेवले तर, खाण्याजोगे होतात. दुसऱ्यांना उकळावे लागते. इंधन अगदी संपले तर काय, याची चाचणी म्हणून एक पाकीट मुद्दाम थंड पाण्यात भिजवून खावे. उघडलेले पाकीट दमट हवेत झपाट्याने ओलावा ओढते, म्हणून माणसे दोन असतील तर मोठा डबा घेऊ नये.

दुधाची भुकटी साय काढलेलीच घ्यावी, स्निग्ध भुकटी लवकर खवट होते. एक लिटरला सुमारे १०० ग्रॅम भुकटी आधी थोड्या पाण्यात कालवावी, नाहीतर गुठळ्या होतात.

घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्या डब्यातल्या दुधाची तारीख पाळायलाच हवी आणि ते पुरवण्यासाठी कधीही पातळ करू नये. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असलेल्यांचे अन्न वेगळ्या डब्यात, त्यांच्या नावाने भरावे.

एका दिवसाची चाचणी जमली की तीन दिवसांची करावी. पहिल्या दिवशी सगळे खातात. एकाएकी रोज कडधान्य सुरू झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट फुगते, पाणी कमी प्यायले गेले तर शौचाला खडा होतो आणि मुले त्याच चवीला नाही म्हणू लागतात. अशा वेळी कॅलरींचा हिशेब बरोबर असूनही ताटात अन्न उरते. तिखट, हळद, सुका लसूण, व्हिनेगर, थोडे गोड असे काही साठ्यात असावे आणि तेही याच तीन दिवसांत वापरून पाहावे. नेहमीच्या जेवणात आठवड्यातून दोनदा कडधान्य असेल तर पोटाला सवय राहते आणि साठाही आपोआप फिरता राहतो.

आपल्या वृत्तपत्रात पुन्हा अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक जिन्नसाच्या वजनाशेजारी पाणी, मिनिटे आणि गॅस असे तीन रकाने द्यावेत, ही विनंती.

आपले,
अन्नसाठवणीच्या कामातील काही वाचक