आई-बाबा, श्रीलंकेचा प्लॅन पाठवतेय, खरं काय ते सांगा

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर श्रीलंकेचा विषय काढला की आई म्हणते "तू ठरवशील ते चालेल" आणि बाबा, तुम्ही "बघू गं" म्हणून फोन परत आईकडे देता, म्हणून या वेळी सगळं लिहूनच पाठवतेय. घाई नाहीये, दुपारचा चहा झाला की बसा दोघं, बाबा आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि जिथे पटत नाही तिथे सरळ नाही म्हणा.

आधी एक सांगते, आपण कुठल्या टूरबरोबर जात नाही आहोत. आत्याचं काय झालं ते आपण बघितलंय, रोज पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर, रोज नवीन हॉटेल, बसमध्ये चाळीस माणसं आणि ज्याचे गुडघे दुखतात त्याने खाली थांबून बाकीच्यांची वाट बघायची. आल्यावर ती पंधरा दिवस बर्फ लावून बसली होती. मला तुमच्यासाठी तसं नकोय. मी तुम्हाला दोघांना समोर ठेवून एकेक ठिकाण लावतेय, एक गाडी आणि एकच ड्रायव्हर सगळ्या प्रवासभर आपल्याबरोबर, दिवसाला एकच मोठी गोष्ट, तीही सकाळी ऊन चढायच्या आत, आणि पहिली रात्र सोडली तर कुठेही दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम नाही. तुम्हाला खोली खालच्याच मजल्यावर, मी शेजारच्या खोलीत. नातीची दहावी असल्याने ती आणि तुमचे जावई इथेच खारघरला, म्हणजे आपण तिघंच.

महिना फेब्रुवारी धरलाय. तिथे दोन वेगवेगळे पावसाळे आहेत, मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, तो कोलंबो-गॉलची बाजू आणि डोंगर झोडपतो, आणि साधारण नोव्हेंबर ते जानेवारी ईशान्येचा, तो उत्तर-पूर्वेकडे. फेब्रुवारीत दोन्हीकडे बऱ्यापैकी कोरडं असतं, त्यामुळे एकाच फेरीत सगळं बसतं. मुंबईहून थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात, आणि आई, तिथलं घड्याळ आपल्यासारखंच आहे, त्यामुळे तुझ्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्यांच्या वेळा एक मिनिटानेही बदलायच्या नाहीत.

उतरलो की त्या रात्री विमानतळाजवळ निगोंबोलाच झोपायचं. नकाशावर अंतरं छोटी दिसतात पण तिथले रस्ते अरुंद आणि गावागावातून जाणारे, ताशी पस्तीस-चाळीसच्या वर सरासरी पडत नाही, म्हणून दीडशे किलोमीटर म्हणजे चार तास असंच मी धरलंय. दुसऱ्या दिवशी आरामात हबराणाकडे, तिथे तीन रात्री, तिथूनच अनुराधापूर, पोलोन्नरुवा आणि सिगिरिया करायचं. हा भाग बाबा, खास तुमच्यासाठी.

अनुराधापुराला बोधीवृक्ष आहे, बोधगयेच्या मूळ झाडाची फांदी सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा घेऊन आली आणि इ.स.पू. 288 मध्ये तिथे लावली असं मानतात, आणि तेव्हापासून त्या झाडाची सतत निगा राखली गेलीय. तुम्ही मला लहानपणी नालासोपाऱ्याच्या स्तूपावर घेऊन गेला होतात ते आठवतं? भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये तो खणला आणि अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सोपाऱ्यालाच मिळाले, हे तुम्हीच त्या उन्हात उभं राहून सांगितलं होतंत. आता हे वाचा, श्रीलंकेच्या महावंस ग्रंथात म्हटलंय की त्यांचा पहिला राजा विजय लंकेला पोचायच्या आधी त्याचं जहाज सुप्पारकाला लागलं होतं, सुप्पारक म्हणजे आपलं सोपारा. कथा आहे, इतिहास म्हणून कोणी शपथ घेणार नाही, पण हे वाचलं आणि मी तिथेच ठरवलं की बाबांना अनुराधापूर दाखवायचंच. फक्त तिथे सगळीकडे चप्पल काढून चालायचं असतं आणि दुपारी फरशी भाजते, म्हणून आपण सकाळी लवकर जाणार, आणि जाड मोजे बरोबर. कपडे शक्यतो पांढरे, गुडघे-खांदे झाकलेले. आणि बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढलेला तिथे अजिबात चालत नाही, ते तेवढं लक्षात ठेवा.

पोलोन्नरुवा त्यामानाने सोपं, सपाट आहे आणि गाडी बरीच जवळ जाते. गल विहाराला एकाच ग्रॅनाइटच्या कातळात बाराव्या शतकातल्या चार मूर्ती कोरल्यात, त्यातली निजलेल्या बुद्धाची 46 फूट लांब आहे. 

सिगिरियाचं, म्हणजे कश्यप राजाच्या त्या कातळावरच्या किल्ल्याचं मात्र बाबा, आपल्याला बोलायला हवं. तुम्ही त्या पेपरच्या कात्रणावर त्याच्या नावाखाली रेघ मारून ठेवलीय ती मी बघितलीय. वर जायला सुमारे 1200 पायऱ्या आहेत, मध्ये लोखंडी गोल जिना आहे, आणि अर्ध्यातून परत फिरणं गर्दीत सोपं नाही. खालच्या पाण्याच्या बागा पाचव्या शतकातल्या आहेत, सपाट आहेत, आणि तिथून पूर्ण कातळ समोर दिसतो. माझं मत विचाराल तर तुम्ही खालीच थांबावं. पण मी ते तुमच्यावर लादणार नाही, तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा, आणि ते हो म्हणाले तर मी तुमच्याबरोबर एकेक पायरी चढेन, आई बागेत सावलीत बसेल. डॉक्टर नको म्हणाले तर मात्र ते मला सांगायचं, मनात ठेवायचं नाही.

नंतर कँडी, दोन रात्री. संध्याकाळच्या पूजेला दंतमंदिरात जायचं, ढोल वाजतात आणि आतला दरवाजा उघडतो, तिथे जपलेला बुद्धाचा दात प्रत्यक्ष दिसत नाही, सोन्याची मंजुषा दिसते. पौर्णिमा टाळूनच तारखा घेतेय, त्या दिवशी तिकडे पोयाची सुट्टी असते आणि देवळात पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी पेराडेनियाची बाग, 147 एकर, रुंद सपाट रस्ते आणि ठिकठिकाणी बसायला जागा. आई, तुझ्या गॅलरीतल्या कुंड्यांना दिवसातून तीनदा जाऊन बघणारी तू, तुला तिथून कोणी हलवू शकणार नाही, म्हणून त्या दिवशी दुसरं काहीच ठेवलेलं नाही.

मग घाट चढून नुवारा एलिया. आई, तुला घाटात मळमळतं, त्यामुळे निघायच्या आधी गोळी, पुढची सीट आणि वाटेत रंबोडाला थांबा, तिथे हनुमानाचं मंदिर आहे. वर 1868 मीटरवर आहोत आपण, रात्री थंडी असते, स्वेटर आणि बाबांची कानटोपी हवीच. आणि इथेच तुझं सीतेचं देऊळ. तू एकदाच विचारलं होतंस, भांडी आवरता आवरता, की अशोकवाटिका खरंच तिथे आहे का. सीता एलियाला ओढ्याच्या काठावर सीता अम्मनचं मंदिर आहे, शेजारीच हकगलाची बाग, लोक तीच अशोकवाटिका मानतात. तुला तिथे किती वेळ बसायचंय तेवढा बस, गाडी थांबेल. चहाचा कारखानाही बघू, बाबांना त्यात जास्त इंटरेस्ट असेल, आधी तिथे कॉफी होती, 1867 मध्ये जेम्स टेलरने लूलकंदेराला चहाचा पहिला मळा लावला, नंतर कॉफी पानांवरच्या रोगाने गेली आणि सगळीकडे चहा आला, आणि मळ्यांवर राबायला इंग्रजांनी दक्षिण भारतातून तमीळ माणसं नेली, त्यांचीच नातवंडं-पतवंडं आजही चहा खुडतायत.

तिथून नानू ओयाला ट्रेन पकडून एल्लाला उतरायचं, तीन तासांच्या आसपासचा प्रवास. सगळे कँडीपासून बसतात, ते सहा-सात तास आपल्याला नकोत. बॅगा ड्रायव्हर गाडीतून पुढे आणेल. रिझर्व्ह सीट मिळाली तरच बसायचं, कारण डब्याची पायरी उंच असते आणि आईला उभ्याने अजिबात नेणार नाही. नोव्हेंबर 2025 च्या चक्रीवादळात डोंगरातल्या रेल्वेमार्गाचं खूप नुकसान झालं होतं, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी तो टप्पा चालू आहे ना हे मी नीट विचारून घेणार, आणि नसेल तर गाडीनेच जाऊ, चहाचे मळे रस्त्यावरूनही दिसतात. एल्लाला मुक्काम नाही, तिथली बरीच हॉटेलं उतारावर आहेत, पायऱ्याच पायऱ्या. जेवून खाली उडवलवेला.

जीप सफारी मी मुद्दाम काढून टाकलीय, बाबांच्या कमरेला ते धक्के झेपणार नाहीत. त्याऐवजी तिथे वन्यजीव खात्याचं 1995 पासूनचं अनाथ हत्तींच्या पिल्लांचं केंद्र आहे, दर तीन तासांनी पिल्लांना दूध पाजतात, आपण लांबून बसून बघायचं, हात लावायचा नाही, आणि मोठी झाली की ती परत जंगलात सोडतात. शेवटी गॉल, समुद्राकाठी तीन रात्री. किल्ला आधी पोर्तुगीजांचा, 1640 मध्ये डचांनी घेतला आणि ही जाडजूड तटबंदी त्यांची. वसईचा किल्ला तुम्हाला दगड न दगड पाठ आहे बाबा, तेव्हा गॉल बघून काय म्हणता ते मला ऐकायचंय. संध्याकाळी तटावरून जेवढं जमेल तेवढंच चालायचं, तुमची तलावपाळीची एक फेरी होते तेवढं पुरे. कोलंबो मी पूर्ण गाळलंय, गॉलहून एक्सप्रेसवेने थेट विमानतळ.

आता खाण्याचं, कारण आईला हीच खरी काळजी आहे आणि ती बोलत नाहीये. भात, नारळ, डाळ, भाज्या सगळीकडे मिळतं. इंडिआप्पा म्हणून तांदळाच्या शेवया असतात, अगदी आपल्या शिरवाळ्यांसारख्या, त्याबरोबर नारळाच्या दुधातली मसुराची डाळ, तिला परिप्पु म्हणतात. म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि वर किटुल माडाचा पातळ गूळ. पण एक गोष्ट नीट सांभाळायला लागेल, तिकडे उंबलकड म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा नारळाच्या चटणीत आणि कधीकधी नुसत्या भाजीतही घालतात आणि त्याला कोणी नॉनव्हेज समजत नाही. म्हणून मी प्रत्येक हॉटेलला आधीच लिहून कळवणार आणि ड्रायव्हरलाही सांगून ठेवणार, की आईच्या ताटात उंबलकड नको. एकादशी आली तर राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे आपल्या बॅगेत असतीलच.

विमानतळावर व्हीलचेअर दोघांसाठी बुक करणार आहे. बाबा, मला माहितीये तुम्ही म्हणाल मला काय झालंय, पण चेक-इनपासून गेटपर्यंतच चालून चालून तुम्ही दमलात तर पुढचे दोन दिवस त्यातच जातील. माझ्यासाठी बसा.

पैशाचं शेवटचं सांगते. एफडी मोडायची नाही, बाबा. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी तुमची केरळची ट्रिप राहिली होती, नंतर दादाच्या लग्नात, नंतर घराच्या रिपेअरिंगमध्ये, तुम्ही कधी त्याचा शब्द काढला नाहीत. आईच्या पासपोर्टवर अजून एक शिक्का नाही. मला हे करायचंय, आणि तुम्हाला चालता येतंय, बघता येतंय, सीतेच्या देवळात आईला स्वतःच्या पायाने जाता येतंय तोपर्यंत करायचंय.

म्हणूनच खरं सांगा. आई, तू जिना उतरताना हल्ली कठडा दोन्ही हातांनी धरतेस, आधी डावा पाय टेकतेस मग उजवा, आणि पहिल्या मजल्यावर शेजारच्यांची तुळस बघायच्या निमित्ताने थांबतेस, ते मी गेल्या रविवारी मागून बघितलं. किती दुखतं ते मला नुसतं सांग, मी त्याप्रमाणे अजून दोन गोष्टी काढून टाकीन, त्यात मला काहीही वाईट वाटणार नाही. मला वाईट वाटेल ते तू कँडीच्या देवळात दात-ओठ खात उभी राहिलीस आणि मला नंतर कळलं तर. बाबा, तुम्हालाही तेच, रात्री किती वेळा उठावं लागतं, गाडीत किती तास बसवतं, सगळं. आणि काय बघायचंच आहे आणि काय गेलं तरी चालेल तेही दोघांनी वेगवेगळं सांगा, एकमेकांचं बघून नाही.

इन्शुरन्स काढताना शुगर, बीपी आणि बाबांची अँजिओप्लास्टी सगळं लिहायचंय, लपवलं तर नंतर क्लेम देत नाहीत, म्हणून फाइल काढून ठेवा. डॉक्टरांकडून औषधांची नवीन चिठ्ठी घ्या, औषधांची नावं इंग्रजीत आणि नीट वाचता येतील अशी. गोळ्या सगळ्या हातातल्या बॅगेत, दोन आठवड्यांच्या आणि वर आठवडाभराच्या जादा. डासांचं मलम मी आणते, तिकडे डेंगी असतो.

शनिवारी सकाळच्या ट्रान्स हार्बरने येतेय. बाबा, तुमचा पासपोर्ट लवकरच संपतोय आणि प्रवासाच्या वेळी त्याची सहा महिन्यांची तरी मुदत बाकी लागते, म्हणून तो आणि आधार कार्ड कपाटातून काढून ठेवा, फॉर्म आपण एकत्र भरू आणि वागळे इस्टेटच्या केंद्राची अपॉइंटमेंट घेऊ, मी सुट्टी टाकून येईन तुमच्याबरोबर. आई, त्या दिवशी जास्तीचं काही करत बसू नकोस, येताना स्टेशनजवळून भाजी मी घेऊन येते.

तुमची,
ताई