अडीच वाजताचा डबा

नाशिक
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "अरे, गोडाला मी हात लावत नाही, मग शुगर वाढली कुठून?" ते वाक्य काही डोक्यातून जाईना. वहिनी डब्यात भाकरी, मेथी, आमटी देतात. त्यात खोट काढायला जागाच नाही. मला खटकली ती वेळ. रातपाळीत तू हा डबा अडीच वाजता उघडतोस.

आपल्याला वाटतं, शरीराचं घड्याळ एकच. मुख्य घड्याळ मेंदूत आहे खरं. सुमारे २०,००० पेशींचा पुंजका, आणि तो चालतो उजेडावर. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी, अगदी चरबीसुद्धा, प्रत्येकाचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ते बरंचसं जेवणावरून वेळ लावून घेतं. २००० साली जिनिव्हातल्या संशोधकांनी रात्री खाणाऱ्या उंदरांना फक्त दिवसा खायला दिलं. थोड्याच दिवसांत त्यांच्या यकृताचं घड्याळ उलटं झालं, मेंदूतलं मात्र जागचं हललं नाही. एकाच देहात दोन वेगळ्या वेळा! तुझी तर पाळीच दर आठवड्याला बदलते रे.

त्यात रात्री अंगात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, वाढलेलं असतं, आणि ते असताना स्वादुपिंड इन्शुलिन सोडायला आखडतं. म्हणून तीच भाकरी दुपारी पचते तशी अडीच वाजता पचत नाही, साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते.

२०२१ साली बॉस्टनमधल्या संशोधकांनी १९ निरोगी तरुणांना १४ दिवस प्रयोगशाळेत ठेवून रातपाळीसारखं जागवलं. काहींना रात्रीही जेवण दिलं, त्यांची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली. बाकीचे तेवढेच जागले, पण जेवले फक्त दिवसा. त्यांची साखर म्हणावी तशी वाढली नाही. माणसं थोडी होती, दिवसही थोडे, तरी मला हे फार मोलाचं वाटतं, कारण जागरण तुझ्या हातात नाही, डबा आहे.

वजनाचं आश्वासन मी देत नाही. चीनमध्ये ग्वांगझूला १३९ जणांवर वर्षभर पाहिलं. कॅलरी सारख्याच कमी केल्यावर सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाण्याने वजनात खास जास्त फरक पडला नाही. मला काळजी तुझ्या साखरेची आहे.

आमच्या अण्णांचं तुला माहीतच आहे. वीस वर्षं रातपाळी केली आणि पन्नाशीत मधुमेह निघाला. काय खाता, असं त्यांना सगळ्यांनी विचारलं. किती वाजता खाता, असं एकानेही विचारलं नाही. मीही नाही. तेच सारखं मनात येतं.

तर एवढं कर. कंपनीची बस यायच्या आधी आठ-साडेआठला घरीच नीट जेव. मध्यरात्रीनंतर पाणी पी, अगदीच पोटात कावळे ओरडले तर मूठभर फुटाणे. पुढचं खाणं सकाळी घरी आल्यावर, झोपायच्या आधी, तेही बेताचं. पण त्याआधी डॉक्टरांना विचार. गोळी चालू केली असेल, तर उपाशीपोटी साखर एकदम उतरू शकते आणि तू मशीनवर उभा असतोस.

पुढच्या आठवड्यात तुझी पहिली पाळी ना? शनिवारी येतो. दिवेलागणीला जेवायला बसू. वहिनींना सांग, ठेचा मी आणतोय.

तुझा,
बाळ्या