वायरमन काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आमच्या गेमच्या कपाटाची (आत संगणक बसवलेलं, नाणं टाकून खेळायच्या मशीनसारखं कपाट) वीज तुम्ही मार्गी लावलीत, त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते.

आधीचा कारभार तुम्ही पाहिलाच आहे. कपाटामागे हात घालून एक्स्टेंशनचं बटण चाचपायचं, मग संगणक, मॉनिटर, स्पीकर, वरच्या पाटीचा दिवा. बंद करताना पुन्हा तीच कसरत. एका दुकानदाराने तर सरळ मेनलाच एक स्विच टाकायला सांगितलं होतं. ते ऐकून तुम्ही हातच जोडलेत: "अहो, बल्ब आहे का तो? डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर बसाल बोंबलत."

तुम्ही केलेली जोडणी मात्र झकास. पॅनेलवरच्या एका बटणाच्या मायक्रोस्विचमधून दोन बारीक वायरी मदरबोर्डच्या पॉवर स्विचच्या पिनांवर. तिथे 230 व्होल्टचा संबंधच नाही, त्यामुळे पोरांनी बटण बडवलं तरी शॉकची भीती नाही. (4 सेकंद दाबून मात्र धरायचं नाही, संगणक दाणकन बंद पडतो, एवढी तंबी दिली आहे.) एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायच्या, पिवळ्या-काळ्या वायरींतले 12 व्होल्ट रिलेच्या (थोड्या विजेवर मेनची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलला. संगणक चालू झाला की रिले 'टक्' करतो आणि मॉनिटर, अँप (स्पीकरचा अँप्लिफायर), पाटी चालू होतात. विंडोज नीट बंद झाली की वऱ्हाडही नवरदेवामागून निघतं.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला सॉलिड स्टेट (हलता भाग नसलेला, इलेक्ट्रॉनिक) रिले आधी लावला, तेव्हा सगळं बंद करूनही पाटीचे एलईडी मिणमिणत राहिले. तुम्ही लगेच ओळखलंत: हा रिले बंद असतानाही किंचित करंट सोडतो आणि एलईडीला तेवढा पुरतो. मग साधा, वाजणारा रिले आला, त्याच्या कॉइलवर (बंद होतानाचा विजेचा झटका जिरवायला) उलटा डायोड, फेजमध्ये फ्यूज. आणि नाणी टाकायच्या पत्र्याच्या दाराला अर्थिंगची हिरवी वायर. ती कुणी मागितलीही नव्हती. खरे आभार त्या वायरीचे.

मजुरी विचारली तर एक डाव खेळून निघून गेलात. निदान सामानाचे पैसे तरी घ्या, पाकीट काकूंकडे दिलं आहे, परत पाठवू नका.

एक काम राहिलंय. अँप चालू होताना स्पीकर 'धप्प' करतो, तिथे टाइमर बसवू म्हणाला होतात. सवडीने या, चहा टाकतो.

तुमचा,
तळमजल्यावरचा शेजारी